बुटाचा न्याय, शिट्टीचा न्याय

रग्बीतल्या ‘रक’चा नियम तसा सुटसुटीत. चेंडू जमिनीवर, त्याच्यावर दोन्ही संघांचा किमान एकेक गडी पायांवर उभा राहून भिडलेला, की झाला रक. मग चेंडूला हात लावायचा नाही, तो पायाने मागे काढायचा. बाकीच्यांनी आपल्या शेवटच्या माणसाच्या पायामागे थांबायचं. सत्तरच्या दशकातही गाभा हाच होता. नियमाचा अर्थ मात्र तेव्हा बूट लावत.

ओटागोचा प्रशिक्षक व्हिक कॅव्हना याने न्यूझीलंडला वळण लावलं होतं: पुढच्या फळीतल्या फॉरवर्डांनी वाकून, एकजुटीने चेंडूवरून पुढे रेटत जायचं. चेंडू मागे झटकन सुटे. मध्ये कोणी आडवा पडलाच, तर पाठीवर स्टडचे ओरखडे घेऊन उठे आणि पुन्हा तसा पडत नसे. दोन्हीकडचे फॉरवर्ड त्या गर्दीत अडकल्यामुळे मागच्या फळीतल्या बॅकना मोकळं रान मिळे. जुने सामने पाहताना जीव हळहळतो तो या रानासाठी. बुटांसाठी नव्हे. 1978 मध्ये ब्रिजेंडला न्यूझीलंडच्या ऑल ब्लॅक्सविरुद्ध वेल्सचा खेळाडू जेपीआर विल्यम्स याचा गाल बुटाने फाटला. डॉक्टर वडिलांनी 30 टाके घातले आणि पठ्ठ्या पुन्हा मैदानात उतरला!

आज पडलेल्याला तुडवलं तर कार्ड ठरलेलं, आणि ते योग्यच. पण पहारा आता एकट्या रेफरीवर आला. रक आधी झाला की एकेकाळच्या पोकॉक, मॅकॉसारख्या चेंडू हिसकावणाऱ्यांचा हात आधी पोचला, हे त्याने डोळ्याचं पातं लवण्याआधी ठरवायचं. रकमध्ये दोघे-तिघेच घुसतात, उरलेले मैदानभर भिंत करून उभे, म्हणून बॅकना रान उरत नाही. 2017 मध्ये ट्विकेनहॅमला इंग्लंडविरुद्ध इटलीने तर रकमध्ये माणूसच घातला नाही. रक नाही, म्हणून ऑफसाइडची रेषाही नाही! गोंधळलेल्या इंग्लंडच्या खेळाडूंनी विचारणा केली, तेव्हा रेफरी रोमां प्वात यांनी सुनावलं, मी रेफरी आहे, प्रशिक्षक नाही. त्याच वर्षी नियम बदलला. टॅकलनंतर चेंडूवर एक जण उभा राहिला तरी रेषा आखली जाऊ लागली.

एक कलम मात्र तेव्हाही मोडत होतं आणि आजही मोडतं: पायांवर उभं राहा. आज धडक देणारे सर्रास चेंडूपलीकडे पालथे पडतात आणि शिट्टी गप्प राहते. हे एवढं कलम काटेकोर पाळायला लावलं, तर चेंडूसाठी जास्त माणसं आत घालावी लागतील, आणि बॅकचं ते रान कुणाच्या गालावर टाका न पडता परत मिळेल.