कडीला कोण धरतें?

बळकटपणाचा विचार मनांत आला, कीं आपली दृष्टि प्रथम लोखंडाकडे जाते. दुकानांत गेलेला गृहस्थ कडी हातांत घेऊन तिचें वजन अजमावतो, बोल्टाची जाडी चिमटींत धरून पाहतो, आणि "हा कांहीं तुटत नाहीं" असें समाधान मानून घरीं येतो. त्याचें म्हणणें खरेंच असतें. बोल्ट सहसा तुटत नाहीं. परंतु छताला टांगलेली वस्तु जेव्हां खालीं येते, तेव्हां पुष्कळदां बोल्टहि तिच्याबरोबर अखंड आणि सरळ असा खालीं आलेला दिसतो. सुटलेलें असतें तें त्याला धरणारें. माझें आयुष्य इमारतींचीं गणितें करण्यांत गेलें, आणि या धंद्यानें मला जें थोडेंबहुत शहाणपण दिलें, त्यांत हें एक आहे, कीं धरलेल्या वस्तूची चौकशी सगळे करितात. धरणाऱ्याची क्वचितच कोणी करितो.

काँक्रीट घट्ट झाल्यावर त्यांत मागाहून भोंक पाडून जो बोल्ट बसवितात, त्यास आमच्या धंद्यांत अँकर म्हणतात. असा अँकर जोरानें ओढला, तर काय होतें तें प्रयोगशाळेंत एकदां तरी पाहण्यासारखें असतें. तो नीट बसविलेला असेल, तर भोंकांतून नुसता निसटत नाहीं; आपल्या भोंवतालचें काँक्रीट उपटून घेऊन निघतो. त्या तुकड्याचा आकार पसरट शंकूसारखा असतो. टोंक आंत, बोल्टाच्या तळाशीं, आणि तोंड बाहेर. बोल्ट दहा सेंटिमीटर खोल असला, तर शंकूचें तोंड सुमारें तीस सेंटिमीटर रुंद होतें. वेर्नर फुक्स, रॉल्फ एलिगेहाउझेन व जॉन ब्रीन या तिघांनीं १९९५ सालीं हें सारें सोप्या सूत्रांत मांडलें, आणि आज अमेरिकेंतील व युरोपांतील नियम त्याच पायावर उभे आहेत.

या शंकूंतच सारी विद्या सांठविलेली आहे. बोल्टाची खोली दुप्पट केली, तर काँक्रीटची पकड दुप्पट न होतां पावणेतीनपटीच्याहि किंचित् वर जाते. बारा मिलिमीटर जाडीचा साधा पोलादी बोल्ट सुमारें दोन टनांची ओढ सोसून मग ताणूं लागतो. तोच बोल्ट नेहमींच्या घरगुती काँक्रीटमध्यें पांच सेंटिमीटरच रोवला, तर सव्वा टनाच्या आसपासच काँक्रीट फुटून सुटतें, आणि बोल्टाचें उरलेलें बळ फुकट जातें. तो दहा सेंटिमीटर रोवला, तर आधीं बोल्ट ताणतो. आम्हांला हवें असतें तें हेंच. पोलाद मोडण्यापूर्वीं ताणतें, वांकतें, डोळ्यांना दिसेल अशी सूचना देतें; काँक्रीट मात्र एका क्षणांत सुटतें.

दुसरी गोष्ट शेजाराची. दहा सेंटिमीटर खोलीचे दोन बोल्ट एकमेकांपासून तीस सेंटिमीटर दूर असले, तर प्रत्येकाचा शंकु स्वतंत्र राहतो आणि बळ दुप्पट होतें. तेच पंधरा सेंटिमीटरवर आणले, तर शंकु एकमेकांत शिरतात व दोघांचें मिळून बळ दीडपटच भरतें. चार बोल्ट जवळ जवळ ठोकून "चौपट मजबुती झाली" असें म्हणणारा मिस्त्री एकाच काँक्रीटवर चौघांचा भार टाकीत असतो. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस याचें नवल वाटूं नये. घरांतल्या एकाच सोशिक माणसाला चौघेजण धरून बसले, म्हणजे आधार चौपट झाला असें कोणी समजत नाहीं.

हें सगळें मला आमच्या घरांतच सविस्तर सांगावें लागलें. जुना वाडा पाडून आम्हां तीन भावांनीं त्याच जागीं नवें घर बांधलें, आणि आजोबांच्या वेळचा सागवानी झोपाळा दिवाणखान्यांत टांगावयाचा असें ठरलें. स्लॅब पडून गेली होती. पंख्यांचे हूक तेवढे सळयांना अडकवून आधींच बसविले होते. झोपाळा कोठें यावयाचा याबद्दल मात्र घरांत शेवटपर्यंत एकमत न झाल्यामुळें त्याच्या कड्यांची सोय राहून गेली होती. पुतण्यानें एक माणूस आणला. त्यानें स्लॅबकडे पाहिलें, पिशवींतून रासायनिक गोंदाची नळी काढली आणि म्हणाला, "साहेब, अर्ध्या तासांत घट्ट होतें. हत्ती टांगा." मीं त्यास चहा पाजून परत पाठविलें. त्या दिवसापासून घरांत माझ्याविषयीं जें मत झालें, तें वहिनींनीं एका वाक्यांत सांगितलें. "भावजी, लोकांच्या इमारती उभ्या करतां, आणि घरचा झोपाळा टांगतां येत नाहीं होय?"

माझ्या नकाराचें कारण दूरदेशीं घडलेलें होतें. अमेरिकेंत बॉस्टन शहरांतून लोगन विमानतळाकडे जाणाऱ्या भुयारी रस्त्यांत, हवा खेळविण्याच्या सोयीसाठीं, काँक्रीटच्या जड फळ्यांचें खोटें छत टांगलेलें होतें. तें ज्या पोलादी दांड्यांना लटकत होतें, त्यांचे अँकर इपॉक्सी गोंदानें वरच्या काँक्रीटमध्यें चिकटविलेले होते. १० जुलै २००६ च्या रात्रीं तें छत सुटून सुमारें सव्वीस टन भार एका मोटारीवर कोसळला आणि आंत बसलेली एक स्त्री ठार झाली. रस्त्याचा तो भाग खुला होऊन तेव्हां चार वर्षेंहि झालीं नव्हतीं. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें २००७ सालीं अहवाल दिला. वापरलेला गोंद लवकर घट्ट होणाऱ्या जातीचा होता. थोड्या वेळाच्या परीक्षेंत तो उत्तम उतरे, पण अहोरात्र टांगलेल्या ओढीखालीं कणाकणानें सरके. १९९९ सालींच कांहीं अँकर सरकलेले दिसले होते. ते दुरुस्तहि झाले, पण पुढें नियमानें पाहणी करण्याची व्यवस्था कोणी केली नाहीं.

गोंदाची ही तऱ्हा आपल्या गृहिणींस समजावून सांगावयाला नको. गुळाची ढेप बत्त्यानें फोडावी लागते, इतकी ती कठीण; पण तिच्यावर वजन ठेवून उन्हाळाभर कोठीत राहूं द्या, ती मुकाट्यानें बसते. क्षणभराचा मार सोसणें निराळें आणि दिवसरात्र भार वाहणें निराळें. अमेरिकन काँक्रीट संस्थेच्या २०११ च्या नियमांत म्हणूनच गोंदाच्या अँकरवर कायमची ओढ असेल, तर त्याचें बळ गणितांत जवळ जवळ निम्मेंच धरावें असें घातलें गेलें. आणि छताकडे तोंड करून असे अँकर बसविणाऱ्या कारागिरानें परीक्षा दिलेली असावी, असेंहि ठरलें. कारण भोंकांतली धूळ ब्रशानें व फुंकून नीट काढली नाहीं, तर गोंद काँक्रीटला न चिकटतां धुळीलाच चिकटतो, आणि वरून तें कोणालाहि दिसत नाहीं.

त्यांत झोपाळ्याचा भार स्वस्थ बसणारा नव्हे. चार मोठीं माणसें, पाट व कड्या मिळून सव्वातीनशें किलो धरा. झोका पंचेचाळीस अंशांपर्यंत गेला, तर तळाशीं येतांना ओढ दीडपटीहून अधिक, म्हणजे पांचशें किलोंच्या घरांत जाते. साठ अंशांपर्यंत गेला, तर दुप्पट होते. मुलें साठ अंशांचा विचार करून झोके घेत नाहींत. शिवाय स्लॅबच्या मध्यावर खालची बाजू ताणांत असते व तेथें केंसासारख्या चिरा असतातच. अशा ठिकाणीं अँकरचें बळ पाव हिस्सा किंवा त्याहून अधिक कमी धरावें लागतें. आणि गिलाव्याची जाडी तर खोलींत मोजावयाचीच नसते.

हें सारें ऐकून घेऊन शेवटीं आईनें विचारिलें. तिचें वय ब्याऐंशी, आणि झोपाळ्याची खरी धनीण तीच. ती म्हणाली, "अरे, वाड्यांत कडी तुळईच्या आरपार गेली होती. वर माळ्यावर लोखंडी पट्टी होती, तिच्यावर चावी मारलेली मीं डोळ्यांनीं पाहिली आहे. इथें वर कोण धरणार तिला?" माझ्या दोन तासांच्या व्याख्यानाचा सारांश त्या एका प्रश्नांत आला. वाड्याच्या सुतारानें शंकूचें गणित केलें नव्हतें. त्यानें कडीला चिकटविण्याच्या भानगडींत न पडतां ती तुळईच्या पलीकडे नेऊन अडकविली होती.

आम्हींहि अखेर तेंच केलें. वरच्या मजल्याच्या फरशा अजून बसावयाच्या होत्या. स्लॅबचें गणित नव्या भारासाठीं पुन्हां करून, सळया कोठें आहेत तें यंत्रानें शोधून, त्या चुकवून चार भोंकें आरपार पाडलीं. वर जाड पोलादी पट्ट्या घातल्या आणि बोल्टांचे नट त्यांच्यावर आंवळले. आतां ओढ लागली, तर पट्टी स्लॅबला वरून दाबते, आणि दाब सोसणें हा तर काँक्रीटचा स्वभावच आहे. नंतर पाटावर वाळूचीं पोतीं रचून सहाशें किलो भार आठ दिवस तसाच ठेविला, आणि तेवढे दिवस त्याखालून कोणास जाऊं दिलें नाहीं. आठ दिवस कशाला, असें पुतण्यानें विचारिलें, तेव्हां मीं त्यास बॉस्टनची हकीकत सांगितली. नवव्या दिवशीं आई झोपाळ्यावर बसली, आणि तिनें प्रथम वर पाहिलें.

आरंभीं बळकट असलेलें शेवटपर्यंत तसें राहतें, असेंहि नाहीं. जपानांत यामानाशी प्रांतांतील सासागो बोगदा १९७७ सालीं खुला झाला. पस्तीस वर्षें त्याच्या छताच्या फळ्या गोंदाच्या अँकरवर टांगलेल्या होत्या. २ डिसेंबर २०१२ रोजीं त्यांतील जवळ जवळ एकशेंचाळीस मीटर लांबीचें छत कोसळलें आणि नऊ माणसें मेलीं. वर चढून, बोल्टांवर हातोडी मारून त्यांचा आवाज ऐकण्याची परीक्षा तेथें कित्येक वर्षांत झालेली नव्हती. घट्ट बोल्ट खणखणीत बोलतो, सैल बोल्ट बद्द वाजतो. पण त्यासाठीं कोणीतरी शिडी लावून वर जावयास हवें.

नवें घर बांधणाऱ्या वाचकांस माझी एवढीच विनंति आहे, कीं झोपाळा, पाळणा, जड दिवा, जें कांहीं टांगावयाचें असेल, त्याचें मत स्लॅब पडण्यापूर्वीं पक्कें करावें, म्हणजे कड्या सळयांबरोबर बांधतां येतात आणि नंतरच्या भोंकांचा प्रश्नच उरत नाहीं. तें राहून गेलें असेल, तर दुकानदाराच्या हत्तीवर विश्वास न ठेवतां जाणत्या इंजिनियरास एकदां बोलवावें. आणि दिवाळीच्या आधीं जेव्हां शिडी घेऊन जळमटें काढावयास कोणी वर चढेल, तेव्हां त्याच्या हातीं एक लहान हातोडीहि द्यावी.