पानाचं तबक: मलायातलं आणि आपलं

सुपारी हा खायचा पदार्थ असं आपण समजतो, पण मराठीत तिची बरीचशी कामं खाण्यापलीकडचीच! लग्न ठरलं की सुपारी फुटते, पूजेत ती गणपती होऊन बसते, आणि अवघड काम अंगावर घ्यायचं तर विडा उचलावा लागतो. पेशव्यांच्या दरबारात परराज्याच्या वकिलाला विडे आणि अत्तर मिळालं, की भेट संपली असं समजायचं. इथे कतारमध्येही मजलिसीत उदाचा धूप फिरला की पाहुणे उठतात. न बोलता ‘या आता’ म्हणायची रीत सगळीकडे सारखीच!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मेसईदच्या आमच्या घरात आलेला पितळी ‘तेपाक सिरिह’, म्हणजे मलायी पानाचा डबा. प्लँटमधले एक मलेशियन सहकारी करार संपवून मायदेशी निघाले, त्यांनी तो निरोपाची भेट म्हणून दिला. बाहेरून भरगच्च नक्षी. आत विड्याच्या पानांना जागा, सुपारी, चुना, कात आणि तंबाखूसाठी झाकणाच्या चार डब्या आणि ‘काचिप’, म्हणजे आपला अडकित्ता. त्यांचा कात मात्र खैराचा नव्हे, गंबीर नावाच्या वेलीचा. मलायी सुलतानांच्या राजचिन्हांतही पानाचा डबा असतो. तो पाहुण्यापुढे करणं हा मोठा मान. शिफ्टमधली मंडळी म्हणाली, “झाला बुवा दोन देशांचा तह!”

तहाला परतभेट हवीच. हिनं त्यांच्या पत्नीला खण-नारळ दिला. त्यातली सुपारी पाहून त्या हसल्याच. मलायीत सुपारीला म्हणतात ‘पिनांग’. पिनांग बेटाचं नाव त्यावरूनच पडलं. आणि मुलीला मागणी घालणं म्हणजे ‘मेमिनांग’! समुद्रापलीकडेही सुपारीच फुटते म्हणायची.

एवढं कौतुक झालं, तरी डबा ठेवायचा कुठे हा प्रश्न होताच. माझे मामा तोंडाच्या कॅन्सरनं गेले. तंबाखूला त्यांनी कधी हात लावला नाही, सुपारी मात्र दिवसभर तोंडात. “नुसत्या सुपारीनं काय होतंय?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा माणसाला कॅन्सर करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली छापलेल्या अहवालात स्पष्ट म्हटलं आहे. आई तेव्हा आमच्याकडेच होती. डबा पाहून म्हणाली, “माझ्या भावाला नेलं, ते शोभेला मांडता होय रे?”

मी काही बोललो नाही. पुण्याच्या केळकर संग्रहालयातले अडकित्ते आपण कौतुकानं पाहतो, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. दोन दिवसांनी तिनंच डबा चिंचेनं लखलखीत घासला. एका डबीत लवंगा, एकीत वेलदोडे, एकीत बडीशेप. आणि सुपारीच्या डबीत खडीसाखर. “मान दिलाय त्यांनी. मान परत करू नये,” एवढंच म्हणाली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हा डबा मंडळात न्यायचं ठरलं आहे. पूजेतली आणि ओटीतली सुपारी खुशाल राहू द्या. पण पाहुण्यांना तोंडात टाकायला म्हणून जे पुढे कराल, त्यात ती नको, एवढीच विनंती.