‘कधीतरी’चं ऋण

नोकरीच्या सुरुवातीला मी एका यंत्राच्या कंट्रोलरचा प्रोग्राम लिहिला होता. बटण दाबल्यावर 200 मिलिसेकंदांत मोटर थांबावी, एवढीच अट. शेकडो वेळा बटण दाबून मी सरासरी काढली, ती 40 आली, आणि निर्धास्त झालो. ग्राहकाकडे मात्र मोटर क्वचित उशिरा थांबे. शोध घ्यायला मी प्रिंटच्या ओळी घातल्या, तर दोष दिसेनासाच झाला. ‘दुरुस्त झालं’ असं मी लेखी कळवलं. प्रत्यक्षात त्या ओळींमुळे फक्त कामांच्या वेळा सरकल्या होत्या. त्या कागदाची आजही लाज वाटते.

तक्रार परत आली. आमच्या वरिष्ठ मॅडम रागावल्या नाहीत. “सरासरी राहू दे. एकदाही चुकणार नाही, हे कशावरून?” मी गप्प. त्यांनी मला उप्साला आणि ऑलबोर्ग या विद्यापीठांनी मिळून बनवलेलं ‘उप्पाल’ हे तपासणीचं सॉफ्टवेअर शिकवलं. यंत्रणेचं मॉडेल घड्याळांसकट मांडायचं आणि प्रश्न विचारायचा. ते त्या मॉडेलमधले सगळे शक्य क्रम धुंडाळतं.

मी विचारलं, बटण दाबल्यावर मोटर थांबतेच ना? उत्तर आलं, हो. मी आनंदानं दाखवायला गेलो. मॅडम म्हणाल्या, “कधी थांबते?” माझ्या प्रश्नात फक्त ‘कधीतरी’ होतं. तासाभरानं थांबली असती तरी उत्तर ‘हो’च आलं असतं.

मग 200 ची मर्यादा घालून विचारलं. उत्तर आलं, नाही. आणि चूक कशी घडते तेही पायरीपायरीनं समोर आलं. कमी प्राधान्याच्या कामानं एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप धरलेलं, मधल्यानं त्याला बाजूला सारलेलं, आणि मोटर थांबवणारं सर्वांत तातडीचं काम कुलपापाशी ताटकळत. 1997 मध्ये मंगळावर पाथफाइंडरचा संगणक याच कारणानं पुन्हा पुन्हा रीसेट होत होता, हे मी नंतर वाचलं. उपायही तोच निघाला: कुलूप धरणाऱ्याला तेवढ्यापुरतं वाट पाहणाऱ्याचं प्राधान्य द्यायचं.

‘नेहमी’, ‘कधीतरी’, ‘तोपर्यंत’ हे शब्द मी जन्मभर बोलत होतो. ते तोलून वापरायला शिकलो ते अशा प्रश्नांमागच्या काळाच्या तर्कशास्त्रामुळे. तत्त्वज्ञ आर्थर प्रायर यांनी त्याचा पाया घातला. 1977 मध्ये आमीर प्नुएली यांनी ते प्रोग्रामांच्या तपासणीसाठी आणलं. मॅडमचं ऋण तर वेगळंच.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा “घरी येईन कधीतरी,” असं बोलून गेलो. त्यांनी नुसतं पाहिलं.

“येत्या रविवारी, दहाच्या आत,” मी म्हणालो.