आधी विचारा, “झोपलीस का?”



गेल्या वर्षी आम्ही उभयता सिंगापूरला लेकीकडे दोन महिने राहून आलो. तिचं घर हौगांग वस्तीत, अकराव्या मजल्यावर. इमारतीखाली म्हातारी मंडळी पट मांडून बसतात, पलीकडे कॉफीचं दुकान. आमचा वेळ मजेत जाई.

आमची नात तिथल्या एका सरकारी रुग्णालयात नवी डॉक्टर आहे. विमानात शेजारी बसलेल्यालाही आम्ही ते सांगून टाकलं होतं! पहिल्याच शुक्रवारी ती रात्रपाळी करून थेट दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आली. संध्याकाळी जेवायला बसलो आणि आमचं सुरू झालं. एकाचा गुडघा, दुसरीचं ब्लडप्रेशर, इस्राएलहून आणलेले रिपोर्ट. उत्तर येईना म्हणून पाहिलं, तर पोर हातात पावाचा तुकडा धरून बसल्या जागी झोपलेली.

दुसऱ्या दिवशी ती हळूच म्हणाली, “आजी, मी हे सोडून देऊ का गं? पेशंटचा कंटाळा नाही. पण परवा एका आजोबांना माझ्याशी बोलायचं होतं आणि मी घड्याळाकडे बघत होते. माझी मलाच लाज वाटली.”

सोडणंही सोपं नाही. तिथे डॉक्टरकी शिकलेल्यांना काही वर्षे सरकारी सेवेचा करार असतो. तिथल्या कामगार कायद्यात आठवडा ४४ तासांचा, पण शिकाऊ डॉक्टरांची मर्यादा सरासरी ८० तासांची! तिथेही आमच्यासारखे वृद्ध वाढले आहेत, आणि एकेका वृद्धाचे आजार चार-चार.

हे काही सिंगापूरचंच दुखणं नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये इस्राएलमध्ये २६ तासांच्या पाळीविरुद्ध दोन हजारांहून अधिक तरुण डॉक्टरांनी राजीनामे लिहून दिले. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात डॉक्टरला मारहाण झाली, तेव्हा महाराष्ट्रातले निवासी डॉक्टर सामुदायिक रजेवर गेले.

आपल्या समाजाला डॉक्टरांचा अभिमान पहिल्यापासून. डॉ. जेरुशा झिराड १९२८ ते १९४७ मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या, १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या घरी मुलींना त्यांचंच उदाहरण देत. पण त्या कधी थकत असतील का, हे कोणी बोलल्याचं आठवत नाही. आणि आम्ही तरी काय केलं? दवाखान्यातून बाहेर पडताना “पाच मिनिटंसुद्धा दिली नाहीत” म्हणून तक्रारच केली.

आम्ही नातीला म्हणालो, “बाळा, तुझं तू ठरव. डॉक्टर नसलीस तरी तू आमची नातच.” ती खूप रडली, मग दहा तास झोपली. ती अजून तिथेच आहे. सोडायचं की नाही, हे तिने अजून ठरवलेलं नाही, आणि आम्ही विचारत नाही.

आता फोनवर आम्ही गुडघ्याचं नाव काढत नाही. आधी विचारतो, “जेवलीस का? झोपलीस का?” आमच्या डॉक्टरकडे जाताना दुखणी कागदावर लिहून नेतो, म्हणजे त्याचा वेळ वाचतो. निघताना “तुम्ही कसे आहात?” असंही विचारतो. पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो क्षणभर बघतच राहिला.

मुलांनो, तुम्हीही विचारून बघा.