शिंपल्याचे खडे



अमेरिकेतल्या भाचीने तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून माझ्यासाठी चांदीचा सेट आणला, गळ्यातलं आणि कानातलं. निळ्या खड्यांत मधेमधे नारिंगी आणि जांभळे तुकडे. ॲरिझोना, न्यू मेक्सिको भागात नवाहो आणि झुनी लोक चांदीत पिरोजा बसवून दागिने करतात, त्या धाटणीचा.

मेढ्यात सराफाने वजन केलं, ६२ ग्रॅम. मागे ९२५ चा शिक्का, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. "वहिनी, मोडीत खड्यांचे पैसे शून्य," तो म्हणाला. बी.कॉम.च्या डोक्याला ते पटलं, कारण खडे एकसंध नव्हतेच. पिरोज्याचे तुकडे आणि चुरी राळेत घालून दाबतात, ठोकळा झाला की कापून घासतात. आपल्या जुन्या घरांतली मोझॅक फरशी आठवा, तसंच. (असा खडा कुणाकडे असेल तर चिंचेच्या पाण्यात बुडवू नका.)

नारिंगी आणि जांभळे तुकडे मात्र शिंपल्याचे निघाले. मेक्सिकोच्या किनाऱ्याला काटेरी पाठीचा शिंपला मिळतो, त्याचे. घरात सगळे खरं की खोटं यावरच बोलत होते, मला वेगळीच चिंता. पिरोजा खाणीतला दगड. शिंपला द्वींद्रिय, शंख आणि अळीच्या पंगतीतला त्रस जीव. रेशीम सोडून मला तीस वर्षं झाली. आता हे घालून मंदिरात कशी जाऊ? सुटा खडा असता तर सोनाराकडून काढून घेतला असता. इथे दोन्ही एकाच राळेत चिकटलेले.

जाऊबाई म्हणाल्या, "जीव केव्हाच गेला, तू कुठे मारायला सांगितलंस?" मुद्दा खोटा नाही. कृत नाही, कारितही नाही. पण अनुमोदनेचं काय? मी हौसेने घालून फोटो पाठवला की पुढच्या खेपेला भाची तसाच आणखी एक आणणार, आणि तो नवा असेल. मागणी दिसली की पुरवठा होतो, हे कॉलेजातच शिकलेय.

म्हणून तिला फोनवर सरळ सांगितलं आणि सेट परत न्यायला सांगितला. रागावली नाही, पण लगेच म्हणाली, "आत्या, मग तुझ्या नथीतले मोती?"

मी गप्पच झाले. नथ, तन्मणी, चिंचपेटी, आपलं सगळं मोत्यांचंच. कल्चर्ड मोतीसुद्धा शिंपला उघडूनच काढतात. नकली मोत्यांवरही पूर्वी माशांच्या खवल्यांचा अर्क चढवत, तेव्हा दुकानात विचारून घेतलेलं बरं.

लेकीसाठी काचमण्यांची नथ करायला टाकली आहे. सासूबाईंनी दिलेली माझी नथ अजून डबीतच आहे. यंदा पर्युषणात महाराजसाहेबांना विचारणार आहे.