सव्वीस इंचांवर

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत माझ्या आत्यानं हात वर केला, आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला तीच गोष्ट सांगत सुटलेय. लोकलमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंना सांगितली, ऑफिसात सांगितली, दूधवाल्यालाही सांगितली. आता तुम्हाला सांगते.

आत्या पेण तालुक्यातल्या एका गावात राहते. वय बासष्ट. तीन वर्षांची असताना पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेले. आधी हातांवर सरकत फिरायची, आता चाकाची खुर्ची आहे. मी सुट्टी मिळाली की दिव्याहून रोह्याची गाडी पकडते, आपटा, जिते, हमरापूर करत पेणला उतरते, आणि दोन दिवस तिच्या हातचं खाऊन परतते. तिची काळजी घ्यायची म्हणजे औषधं आणायची, पैसे ठेवायचे, खुर्चीच्या चाकात हवा भरून द्यायची, एवढंच मला कळत होतं. तिला काही विचारायचं असतं, हे मला चाळिशी ओलांडेपर्यंत सुचलं नव्हतं.

ग्रामसभा शाळेच्या वर्गात होती. आत्याला खुर्चीसकट तिघांनी उचलून आत नेलं. विषय पुढे सरकत दिव्यांग निधीवर आले. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, हे मला तिथंच पहिल्यांदा कळलं. ग्रामसेवकांनी खरेदीची यादी वाचली: टेबलफॅन, चादरी, स्टीलचे डबे. सगळे माना डोलावत होते. आणि आत्याचा हात वर.

"भाऊसाहेब, यादी छान आहे. पण कुणाला विचारून केलीत?"

वर्गात शांतता.

"पंखा माझ्याकडे आहे. मला संडासात धरायला दांडा हवाय. रोज नळाला धरून उठते. नळ दोनदा उपटून आला हातात."

एवढंच बोलली. आवाजही चढवला नाही. पण साठ वर्षं ज्या बाईला सगळं गाव "बिचारी" म्हणत आलं, तिनं गावाला एका वाक्यात सांगितलं की तुमचा पैसा कुठं लागायला हवा. मला काटा आला अंगावर! सरपंचबाई क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "बरं, मग आत्ताच विचारू. कोण कोण आलंय?"

गावातल्या दिव्यांगांच्या यादीत अकरा नावं होती, आलेले सात. उरलेले चार का आले नाहीत? तर शाळेला तीन पायऱ्या आहेत, आणि प्रत्येकाला उचलून आणायला माणसं नव्हती. त्यावर सरपंचबाईंनी जे केलं ते मी विसरणार नाही. सभा उठवली आणि अंगणात आणली. सतरंज्या बाहेर, टेबल बाहेर, रजिस्टर बाहेर. अर्ध्या तासात चारांतले तीन आले. दिव्यांगांची सोय म्हणजे काय, याचा पहिला धडा मला त्या सतरंज्या ओढताना मिळाला.

मग एकेकानं सांगायला सुरुवात केली. एका आजींना कानाचं यंत्र आहे, पण त्याचे सेल गावात मिळत नाहीत, म्हणून ते वर्षभर डब्यात पडून. दृष्टी गेलेल्या एका काकांना घरापासून देवळापर्यंत गटाराच्या कडेनं कठडा हवा होता, कारण पावसाळ्यात ते दोनदा आत पडलेत. यातलं काहीही दुकानातून घाऊक आणता येत नाही, आणि नेमकं म्हणूनच ते कुठल्याच यादीत येत नाही.

एका वहिनींचा मुलगा अठ्ठावीस वर्षांचा आहे, बौद्धिक दिव्यांग. वहिनी सांगू लागल्या की मी कामाला जाते तेव्हा त्याच्याजवळ कुणी बसायला मिळालं तर बरं. आत्यानं त्यांना थांबवलं. "वहिनी, तू थांब. त्याला बोलू दे."

तो बराच वेळ बोलला नाही. कुणीतरी खाकरलं, कुणी घड्याळ बघितलं. आत्या मात्र त्याच्याकडे बघत शांत बसून राहिली. मग तो म्हणाला, "मला गणपती घासायचाय."

पेणमध्ये हे वाक्य कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. इथं पिढ्यान् पिढ्या घराघरांत गणपती घडतात, कारखान्यांत घडतात, आणि तो मुलगा रोज दारात बसून ते बघत आला होता. त्याला राखायला कुणी नको होतं, त्याला काम हवं होतं. सभेत गावातलाच एक कारखानदार होता. तो म्हणाला, "ये. दोन तास बसून बघ."

दिवाळीनंतर मी मुद्दाम बघायला गेले. पांढऱ्या कोऱ्या मूर्तींच्या रांगेत तो मांडी घालून बसला होता, हातात पॉलिशपेपरचा तुकडा. साच्याच्या दोन भागांचा जोड जिथं येतो तिथं कानामागे बारीक शीर उभी राहते. ती तो घासायचा, फुंकर मारायचा, डोळे मिटून बोट फिरवायचा, पुन्हा घासायचा. बोटाला काही लागेनासं झालं की मूर्ती डाव्या हाताला सरकवायचा. पाऊण तास मी उभी होते, त्यानं वर पाहिलं नाही. मालक म्हणाले, आधी दुपारी बोलावत होतो, पण दुपारी यंत्राचा आवाज असतो, तो कान झाकून रडायचा. मग त्यानंच सांगितलं, "सकाळी." आता सकाळी आठ ते दहा. ही वेळ ठरवायला कुठला तज्ज्ञ लागला नाही. ज्याचे कान, त्यानं सांगितलं!

माझं कौतुक ऐकून आत्या म्हणाली, "एवढ्यानं भारावलीस? रोह्याला माझी मैत्रीण आहे, तिच्याकडे जा. तिचं उताराचं गणित बघ."

गेले. या बाई निवृत्त शिक्षिका, अपघातानंतर बारा वर्षं खुर्चीवर. त्यांच्या पिशवीत कायम दोन वस्तू असतात: बारा फूट सुतळी आणि एक फुटाची पट्टी. एका फुटाच्या चढाला बारा फूट उतार, हे सरकारी मार्गदर्शक तत्त्वांतलं प्रमाण. एका इमारतीला उतार बांधला, उद्घाटन झालं, फोटो निघाले. तीन पायऱ्या, एकवीस इंच उंची, आणि उतार जेमतेम सहा फुटांचा. हवा होता एकवीस फूट. त्यावरून खुर्ची चढत नव्हती, उतरताना माणूस तोंडावर पडला असता. बाईंनी भांडण केलं नाही. तिथं जाऊन पायरीला पट्टी उभी लावली, तिच्यापासून सुतळी जमिनीवर पसरली, आणि म्हणाल्या, "एका पट्टीला ही एवढी. आता तुम्हीच मोजा." मोजलं. पुन्हा बांधला, जागा कमी म्हणून मधे वळण घेऊन, दोन्ही बाजूंना कठडे लावून. मी स्वतः त्यावरून त्यांची खुर्ची ढकलली. खरं तर ढकलावी लागलीच नाही, त्याच चाकं फिरवत वर गेल्या.

त्या रात्री मी मोबाइलवर कायदे वाचत बसले ते दोन वाजेपर्यंत. आणि काय काय सापडलं! संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या दिव्यांग हक्क करारात स्पष्ट लिहिलंय की दिव्यांगांविषयी धोरण ठरवताना त्यांच्या संघटनांशी विचारविनिमय करायचा, त्यांना सामील करून घ्यायचं. भारतानं तो २००७ मध्ये मान्य केला. आपला दिव्यांग हक्क कायदा २०१६चा, त्यात दिव्यांगत्वाचे प्रकार ७वरून २१ झाले. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीची रचनाच अशी आहे: एक जिल्हाधिकाऱ्यांच्या दर्जाचा अधिकारी, एक नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. पालक कोण नेमायचा यासारखे आयुष्याचे निर्णय ही समिती घेते, आणि तिथं एक खुर्ची दिव्यांगाची! २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात पुनर्विलोकन मंडळावर दोन जागा अशा आहेत की तिथं स्वतः आजार भोगलेली माणसं, त्यांची काळजी घेणारे किंवा त्यांच्या संघटनांचे प्रतिनिधी बसू शकतात. कागदावर या खुर्च्या कधीच्या मांडून ठेवल्यात. आत्या त्या दिवशी अशाच एका खुर्चीवर जाऊन बसली होती, कुणी बोलवायची वाट न बघता.

आणि महाराष्ट्राला हे नवं नाहीच. २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याच्या 'साथी' संस्थेनं राज्यभराचा समन्वय केला. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्राला प्रगतिपुस्तक द्यायचं, आणि जनसुनवाईत डॉक्टर-अधिकाऱ्यांसमोर उभं राहून सांगायचं की औषध मिळालं की नाही. १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढे कार्यकर्ते होऊन नव्या रुग्णाचा हात धरतात. तिकडे अमेरिकेत बर्कलीला १९७२ मध्ये दिव्यांगांनीच आपलं स्वतंत्र जगण्याचं केंद्र उघडलं, आणि पुढे तशा केंद्रांच्या कारभारात दिव्यांगांचं बहुमत असलंच पाहिजे असा नियम झाला. बहुमत! सल्ल्यापुरतं नाव नाही.

माझा हा सगळा उत्साह बघून आत्यानं मला जमिनीवर ठेवलं. ग्रामपंचायतीचं उत्पन्न ते किती, त्याचे ५ टक्के ते किती. अकरा जणांच्या मागण्यांपैकी आतापर्यंत चारच पुऱ्या झाल्यात. आजींच्या सेलचा प्रश्न अजून लोंबकळतोय, आणि त्याचा मला खरंच राग येतो, कारण ऐकू न येणारा माणूस सभेत येऊन बसला तरी बाहेरच राहतो. पंखे मात्र या वेळी घेतले नाहीत.

दांडा लागला त्या दिवशी मी हजर होते. गवंडीदादांनी भिंतीवर खूण केली, म्हणाले, "सगळीकडे एवढ्यावरच लावतो." आत्या खुर्चीवरून भांड्यावर सरकली, डोळे मिटले, आणि उठताना हात आपोआप जिथं जातो तिथं हवेत नेला. "इथं." मी पेन्सिलनं खूण केली. टेप लावला. सव्वीस इंच. दादांच्या खुणेपेक्षा सात इंच खाली आणि थोडं पुढे. दोन दिवस सिमेंट सुकू दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं दांडा धरला, उठली, आणि दाराआडून मला हाक मारून म्हणाली, "चहा टाक."

काल तिचा फोन आला. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत शाळेच्या तीन पायऱ्यांचा विषय घ्यायचा आहे. तिनं बाकीच्या दहा जणांशी बोलून ठेवलंय, गणपती घासणारा मुलगाही येणार आहे, त्याला काही सांगायचंय म्हणे.

"येताना सुतळी आण," ती म्हणाली. "बारा फूट. आणि पट्टी लाकडी आण, प्लॅस्टिकची वाकते."