राखाडी कुणाच्या डोळ्यांनी

माझ्या उजव्या डोळ्याला राखाडी आता राखाडीच दिसतो, जरा निळसरच. डाव्याला तोच कपडा मातकट दिसतो, पावसाळ्यात घरातच वाळवलेल्या धोतरासारखा. उजव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डाव्याचं राहिलं आहे. डॉक्टरांनी लगोलग तारीख देऊ केली होती, मीच पुढे ढकलली. घरी सांगितलं, संत्र्याचा आंबिया बहार तुटू द्या, मग पाहू. खरं कारण सांगायची लाज वाटली. मला दोन्ही राखाडी पाहायचे होते. दुकानाच्या पायरीवर पडद्याचे तुकडे घेऊन बसायचं, आधी एक डोळा मिटायचा, मग दुसरा. येणारेजाणारे म्हणत असतील, म्हाताऱ्याला काहीतरी झालं.

दुकान मुलाचं आणि सुनेचं. घर सजवून देण्याचा धंदा: पडदे, सोफ्याचं कापड, भिंतीचे रंग, सुताराकडून करून घ्यायची कपाटं. बोरगाव, सौसर, मोहगाव, पांढुर्ण्यापर्यंत कामं असतात, कधी छिंदवाड्याचं एखादं. कापड बहुतेक पानिपत आणि सुरतेचं, आम्हाला मिळतं ते नागपूरच्या गांधीबागेतून. माझ्याकडे एकच काम आहे, शेड जुळवण्याचं. भिंतीला पडदा, पडद्याला सोफा, सोफ्याला सनमायका. बाकी हिशेब, माप, गिऱ्हाईक यातलं मला विचारत नाहीत आणि तेच बरं आहे.

1991 साली बोरगावला रेमंडचा कारखाना आला. तोवर आमच्या भागात लोकर म्हणजे घोंगडी. कापूस वेचणाऱ्या घरातली आम्ही पोरं तिथे कामाला लागून लोकरीचं सूटिंग हाताळायला शिकलो आणि माझी नजर शेडवर बसली ती कायमची. माझे मामा त्याआधी नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये होते, टाटांनी 1877 साली सुरू केलेल्या. त्यांच्या वेळी रंग पाहायचा तो उत्तरेकडच्या खिडकीपाशी उभं राहून, कारण उत्तरेचं आभाळ दिवसभर फारसं बदलत नाही. आमच्या वेळी लाईट बॉक्स होता. एक बटण दाबलं की दिवसाचा उजेड, दुसऱ्याने दुकानातली ट्यूब, तिसऱ्याने पिवळा बल्ब. चौथं बटण अतिनील दिव्याचं. ते दाबलं की माझा पांढरा शर्ट, नीळ-टिनोपालमध्ये बुडवून काढलेला, जांभळट पेटायचा आणि पोरं हसायची.

सगळ्या रंगांत राखाडी वाईट. लाल चुकला तर कुणालाही दिसतो. राखाडी चुकला तर फक्त काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही. सूटिंगमधल्या चांगल्या राखाडीचं एक बरं असतं, तो बहुधा रंगवलेला नसतो, मिसळलेला असतो. काळी रंगवलेली लोकर, पांढरी लोकर, त्यात चिमूटभर निळी किंवा तपकिरी, सगळं पिंजून एकत्र कातायचं. कापड नाकाशी धरलं की सगळे तंतू वेगवेगळे दिसतात, हातभर लांब नेलं की राखाडी. पडद्याच्या पॉलिस्टरचं तसं नाही. तिथे पिवळा, लाल आणि निळा असे तीन रंग एकाच तंतूत शिजवून राखाडी काढतात. दुसऱ्या तुकड्यात तीनपैकी एखादा रंग वेगळ्या जातीचा वापरला, की दिवसा जुळलेले दोन तुकडे रात्री एकमेकांना ओळख देत नाहीत. दिव्यातला निळा वाढला की एक तुकडा हिरवा पडतो, पिवळा वाढला की दुसरा गुलाबी.

इतकं माहीत असून मी याच रंगाच्या मागे का लागलो, याचं उत्तर माझ्या अंगावर आहे. मी वर्षानुवर्षं राखाडी पँट आणि पांढरा शर्ट घालतो. लग्नात, मौतीत, जामसावळीच्या हनुमानाला आणि साईटवरसुद्धा. सुतार भुसा उडवत असतात, पीओपीवाला वरून पांढरा पाऊस पाडत असतो, आणि मी मधोमध उभा, पँटीची क्रीझ सरळ. क्रीझ मी स्वतः मारतो, ओला पंचा वर टाकून. घरातल्या कुणाला हात लावू देत नाही. लोक म्हणतात, साधा माणूस आहे, कधी रंगीत घातलं नाही. मी ते खाली मान घालून ऐकतो आणि मनात खूश होतो. साधेपणा काही नाही त्यात. चार माणसांत वेगळं दिसायचा तो माझा मार्ग आहे, आणि भडक शर्ट घालणाऱ्यापेक्षा माझी हौस तसूभर कमी नाही.

दुकानात आल्यावर ती हौस घराघरांत शिरली. गिऱ्हाइकाने काहीही मागितलं तरी माझा हात राखाडीच्या गठ्ठ्याकडे जायचा. सून नागपूरला इंटिरियरचा डिप्लोमा करून आलेली, अंगावर मोहरीचा पिवळा, मेंदीचा हिरवा, तांबडा असे रंग, पण घालते अशी की कुठलाच ओरडत नाही. एकदा तिने गठ्ठा माझ्या हातून काढून घेतला. "मामाजी, तुम्ही लोकाइचे घरं नाही सजवून राहिले. तुम्ही आपली पँट टांगून राहिले खिडकीले."

मला राग आला. वाक्य चांगलं होतं म्हणून जास्त आला.

त्याच सुमारास सौसरच्या बाजूचं एका संत्रा-बागाइतदाराचं घर आमच्याकडे होतं. नवं बांधलेलं, खाली कोटा फरशी, पश्चिमेला मोठ्या खिडक्या. पडदे माझ्या पसंतीचे, चांदीकडे झुकणारा राखाडी, गांधीबागेत मी स्वतः निवडलेला, एकाच लॉटचा. लावून झाले. घरच्या सूनबाईला आवडले. शाळकरी नातू म्हणाला, निळे मस्त आहेत. आजी काठी टेकत आल्या, पाहिलं आणि म्हणाल्या, "मळकट पडदे काहून लावले गा? धुवून तं लावाचे."

एकच कापड, एकच खिडकी, दुपारची तीच वेळ. मी ते कापड हातात घेऊन घरभर फिरलो. कोट्याच्या फरशीजवळ खालचा वीतभर भाग हिरवट दिसत होता, फरशीचा रंग वर चढत होता. समोरच्या घराची भिंत गुलाबी, ती वरच्या भागात उतरली होती. दुसऱ्या खिडकीत कूलर, खसाच्या ताट्यांमधून येणारा उजेड आणखी वेगळा. बेडरूममध्ये पिवळसर एलईडी, डब्यावर 3000 के छापलेला, आणि बैठकीत पांढरा, 6500 के. हे सगळं मला माहीत होतं. नवीन होत्या त्या आजी. त्यांच्या म्हणण्याला यातलं कुठलंच कारण पुरत नव्हतं.

पुढे माझंच ऑपरेशन झालं, पट्टी निघाली आणि आजींचा राखाडी माझ्या डाव्या डोळ्यात सापडला. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं आणि निळा आत येऊ देत नाही. राखाडीतला निळा काढून घेतला की उरतो तो मळ. हे इतकं हळू होतं की ज्याचं त्याला कळत नाही. सुनेने सांगितलं की क्लॉद मोने या फ्रेंच चित्रकाराचं असंच झालं होतं. 1923 साली त्याच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मग त्याला सगळं फार निळं दिसू लागलं, रंगीत काचेचे चष्मे वापरावे लागले. मोठ्या माणसाला आपला आजार झाला होता म्हणून मला जरा बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

तेव्हापासून प्रश्न एकच आहे आणि तो सुटत नाही. एकाच घरात वेगवेगळ्या वयांची माणसं राहतात. नातवाचा राखाडी निळा, सुनेचा चांदीचा, आजीचा मातीचा. लाईट बॉक्सला दिवे बदलायची बटणं होती, डोळा बदलायचं बटण नव्हतं. मशीनही होतं, दोन शेडमधला फरक आकड्यात सांगणारं, डेल्टा ई म्हणायचे त्याला. पण त्या आकड्यामागेही एक ठरवलेला, सरासरी, निरोगी डोळा असतो. पडदा बघत दिवस काढणारी आजी त्या आकड्यात कुठेच नाही.

मी वेगवेगळ्या युक्त्या करून पाहिल्या. राखाडीत थोडा तांबूस घेतला की आजींना स्वच्छ दिसेल असं वाटलं होतं. उलट झालं, त्यांना तो गेरूकडे गेला आणि नातवाला चॉकलेटी. निळा वाढवला तर आजींपर्यंत थोडाच पोचला आणि बाकीच्यांना थंडगार वाटला, दवाखान्यासारखा. शेवटी हाताला लागलं ते जुनंच. विणीतच काळा आणि पांढरा धागा वेगळा असलेलं, जाडसर सुती कापड. त्यात निळ्यावर काही अवलंबून नाही, उजेड-अंधाराचा खेळ आहे. डोळा पिवळा असो की नवा, काळं-पांढरं सगळ्यांना दिसतं. सूटिंगमधली मिसळण मी पडद्यात शोधत होतो. पण ते कापड महाग पडतं, धुतल्यावर आटतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, याला तर चमक नाही.

चमकेचंच राज्य आहे सध्या. छताला पीओपीचे तीन थर, त्यातून निळ्या-गुलाबी दिव्यांची पट्टी फिरवायची आणि खाली राखाडी सोफा ठेवायचा. सोफा दर मिनिटाला रंग बदलतो आणि घरमालकाला तेच हवं असतं. भिंतीवर पीव्हीसीची पट्टी, संगमरवराचं चित्र छापलेली. काही मोठ्या शहरातली दुकानं घर पाहायलाही येत नाहीत. कॉम्प्युटरवर खोली काढून देतात, तिथे खिडकीतून कुठल्यातरी देशाचा उजेड येत असतो, धूळ नसते, समोर गुलाबी भिंत नसते. गिऱ्हाईक मोबाईल पुढे करून म्हणतं, अगदी असाच राखाडी पाहिजे. मोबाईलचा राखाडी स्वतःच उजेड टाकतो, कापडाला तो उसना घ्यावा लागतो. हे समजावून सांगितलं की माणूस दुसऱ्या दुकानात जातो.

दुसऱ्या टोकाचे लोकही मला पटत नाहीत. राखाडी हा आपला रंगच नव्हे, साहेबी रंग आहे, असं म्हणणारे. त्यांनी शेणाने सारवलेली जमीन दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलेली नसावी. हिरवट झाक उडून गेलेली असते, हाताचे अर्धगोल दिसत असतात, कडेला चुन्याची रेघ. त्या तोडीचा राखाडी मी ना कारखान्यात पाहिला ना गांधीबागेत. आणि आजींनी त्या जमिनीला कधी मळकं म्हटलं नसतं. का, याचा विचार करत मी बऱ्याच रात्री जागलो आहे. रोज सारवण करणाऱ्या हाताला त्यातली स्वच्छता माहीत असते, एवढंच सुचतं. ते खरं असेल तर मग डोळ्याचं भिंग, दिवा, डेल्टा ई, सगळं अर्धंच ठरतं आणि माझ्या विद्येचं फारसं काही उरत नाही.

सून हे प्रकरण वेगळ्या बाजूने धरते. ती घरात शिरली की आधी रंग काढत नाही. विचारते, संध्याकाळी कोण कुठे बसतं, टीव्ही कोण पाहतं, दुपारी कोण झोपतं. मला वाटायचं, गप्पा मारून राहिली. आता लक्षात येतं, ती डोळे मोजत असते. त्या आजींच्या खोलीत तिने नंतर पिकल्या संत्र्याच्या सालीचा रंग लावला, माझा पडदा काढून बैठकीत नेला. आजी खूश. आलेले पाहुणेही त्या खोलीची तारीफ करतात. मला तो रंग आवडत नाही. मी तो कधी अंगावर घालणार नाही आणि तो तिथे बरोबर आहे. तिचा हेवा वाटतो, कारण तिची आवड तिच्या अंगावर राहते, गिऱ्हाइकाच्या भिंतीवर सांडत नाही. माझी सांडते. या वयात ती आवरेल असं वाटत नाही, आणि खरं विचाराल तर आवरायची इच्छाही अर्धीच आहे. कुणाच्या बैठकीत माझा राखाडी बरोबर बसला की मी अजून पँटीची क्रीझ चिमटीने सरळ करून घेतो.

मुलगा डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मागे लागला आहे. करून घेईन. त्याआधी सुनेने राखाडीचे सगळे नमुने माझ्यासमोर मांडले, डाव्या डोळ्याने मळके दिसतात ते वेगळे काढायला लावले आणि त्यांच्या मागे पेनाने फुली मारली. ज्या घरात म्हातारं माणूस आहे तिथे फुलीचे नमुने न्यायचे नाहीत, असा दुकानाचा नियम झाला. माझे सगळ्यात लाडके नमुने फुलीत गेले.

तुम्ही पडदे घ्यायला निघाला असाल तर आमच्याकडेच या असं म्हणत नाही, कुठेही घ्या. पण दुकानात रंग ठरवू नका आणि मोबाईलवर तर नकोच. एक मीटर तुकडा पैसे देऊन घरी न्या, जिथे लावायचा तिथे टाचणीने लटकवा आणि दिवे लागेपर्यंत थांबा. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बोलवा. ते मळका म्हणाले, तर तो तुकडा परत करा. दुकानदार कितीही जाणकार असला आणि त्याची पँट कितीही कडक इस्त्रीची असली, तरी परत करा.